माया शिबुतानीला १६व्या वर्षी वर्ल्ड मेडल मिळालं, म्हणजे आइस डान्समध्ये त्या वयापर्यंत झालं तर झालं, नाहीतर संपलं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की पुतणी न्यू जर्सीत आइस डान्स शिकते, तेरा संपून चौदावं लागलंय, आणि घरात कुणीतरी अमेरिकेच्या आइस डान्सर माया शिबुतानीचं उदाहरण दिलं की बघा तिला सोळाव्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियनशिपचं मेडल होतं, म्हणजे आपल्या पोरीकडे आता दोनच वर्षं उरली. मेडलचं खरं आहे. पुढचं जे गणित मांडलंय ते साफ चुकीचं आहे, आणि गंमत म्हणजे ते मायाच्याच करिअरवरून दाखवता येतं.

मी मिशिगनला कँटनच्या जवळ राहते. माझी मुलगी इथल्या रिंकवर बेसिक स्केटिंग शिकली, स्पर्धा वगैरे काही नाही, त्यामुळे मी काचेमागे बसून चहा पिणाऱ्या आयांपैकी एक, कोच नाही. पण या भागात राहून आइस डान्सचं वेड लागलं नाही तर नवल. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइटनी कजरा रे आणि डोला रेवर केलेला तो इंडियन डान्स आठवतोय? तेव्हा आपल्या सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये फिरत होता तो. ते दोघं इथेच, कँटनच्या आर्क्टिक एज रिंकवर प्रॅक्टिस करायचे. कॅनडाचे टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मॉयरही तिथेच. आणि माया आणि तिचा मोठा भाऊ ॲलेक्सही तिथेच. म्हणजे जगातल्या पहिल्या दोन जोड्या रोज सकाळी तुमच्या शेजारून सुसाट जातायत आणि तुम्ही शाळकरी वयाचे, अशी ती परिस्थिती.

आता पहिल्यापासून. मायाचा जन्म २० जुलै १९९४ चा, न्यूयॉर्कचा. ॲलेक्स तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. दोघं आधी एकेकटे स्केटिंग करायचे. २००३ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप वॉशिंग्टनला होती, ती बघायला घरचे सगळे गेले आणि अगदी पुढे बसले, आइस डान्सवाले जवळून गेले की वाऱ्याचा झोत अंगावर यायचा म्हणे, आणि तिथे दोघांनी ठरवलं की आपण हेच करायचं. २००४ पासून जोडी. मग कनेक्टिकट सोडून कोलोरॅडो स्प्रिंग्ज, तिथून २००७ ला मिशिगन, इगोर श्पिलबँड आणि मरिना झुएवा या कोचकडे. हे वाचायला सोपं वाटतं, पण यात आईवडिलांनी दोनदा अख्खं बिऱ्हाड हलवलंय हे तुमच्या भावाला जरूर सांगा, वयाच्या आधी हा प्रश्न येतो.

अमेरिकेत पायऱ्या असतात, ज्युवेनाइल, इंटरमिजिएट, नॉव्हिस, ज्युनिअर, सीनिअर. हे दोघं त्या भराभर चढले, २००७ ला नॉव्हिसचे नॅशनल चॅम्पियन झाले. आणि इथे घोडं अडलं, ते तारखेवर. इंटरनॅशनल ज्युनिअर खेळायला १ जुलैच्या आधी तेरा पूर्ण लागतात, मायाचा वाढदिवस २० जुलैला! म्हणजे तीन आठवडेसुद्धा नाही, पण त्यापायी अख्खा सीझन बाहेर. पुढच्या वर्षी ज्युनिअर सर्किटवर गेले आणि २००९ च्या ज्युनिअर वर्ल्डला, बल्गेरियात सोफियाला, थेट सिल्व्हर आणलं. मग सीनिअरला जायचं तर तेव्हाच्या नियमाने १ जुलैला पंधरा हवेत, परत तोच वाढदिवस आडवा, परत एक वर्ष ज्युनिअरमध्येच. त्या जास्तीच्या वर्षी ज्युनिअर वर्ल्डला मेडलही नाही मिळालं. (आता तर सीनिअरचं किमान वय १७ केलंय. त्यामुळे तुमच्या पुतणीने सोळाव्या वर्षी सीनिअर वर्ल्डला जावं अशी घरच्यांची इच्छा असली तरी नियमातच बसत नाही, विषय संपला.)

२०१०-११ हा त्यांचा पहिला सीनिअर सीझन, आणि हा जरा खोलात जाऊन बघण्यासारखा आहे कारण सगळी गफलत इथूनच सुरू होते. ग्रांप्री या सीझनभर चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय मालिकेतल्या दोन स्पर्धा खेळले, दोन्हीकडे ब्राँझ. नॅशनलला सिल्व्हर, फोर कॉन्टिनेंट्सला (युरोप सोडून बाकी खंडांची चॅम्पियनशिप) सिल्व्हर. वर्ल्ड चॅम्पियनशिप टोकियोला होणार होती, भूकंप आणि त्सुनामीमुळे ती मॉस्कोला हलवली आणि एप्रिलअखेर झाली. तिथे डेव्हिस-व्हाइट पहिले, आइस डान्समधलं अमेरिकेचं पहिलं वर्ल्ड गोल्ड. व्हर्च्यू-मॉयर दुसरे. तिसरे हे दोघं, बहीण सोळाची आणि भावाने नुकती विशी गाठलेली.

पण जरा बाजूला बघा ना काय चाललं होतं. व्हँकुव्हर ऑलिंपिक नुकतं झालेलं, त्याच्यानंतर वरच्या फळीतल्या बऱ्याच जोड्या एकदम थांबल्या, रशियाचे डोमनिना-शाबालिन, अमेरिकेचेच बेल्बिन-अगोस्टो, इटलीचे फायेला-स्काली. त्याच सीझनला जुने कंपल्सरी डान्स (ठरलेल्याच पावलांचे) बंद करून शॉर्ट डान्स (स्पर्धेचा पहिला, छोटा भाग) आणला, म्हणजे नव्याजुन्या सगळ्यांनाच नवा पेपर. आणि फ्रान्सची पेशाला-बूर्झा जोडी, जी त्या वर्षीची युरोपियन चॅम्पियन होती, ती मॉस्कोत फ्री डान्समध्ये (दुसरा, मोठा भाग) पडली आणि चौथी आली. वासरात लंगडी गाय शहाणी असं म्हणायचं नाहीये मला, पोरांनी न चुकता स्वच्छ स्केट केलं म्हणूनच ते तिथे होते, पण ते मेडल म्हणजे 'आम्ही आता जगात तिसरे' असं नव्हतं. तसं धरून चालणं हाच नंतरचा त्रास झाला, त्यांना किती झाला माहीत नाही, बघणाऱ्यांना मात्र नक्की झाला.

कारण पुढचे आकडे बघा. २०१२ ला नीसमध्ये आठवे. २०१३ ला परत आठवे. २०१४ ला सोची ऑलिंपिकमध्ये नववे, त्यानंतर वर्ल्डला सहावे. २०१५ ला पाचवे. तेव्हा फोरमवर लोक काय काय लिहायचे, लहानपणी चमकली आता संपली, नव्याचे नऊ दिवस वगैरे. पोरगी तेव्हा अठरा-एकोणीसची होती हो!

आता पाणी कुठे मुरत होतं. एक तर २०१२ च्या उन्हाळ्यात श्पिलबँड आणि झुएवा वेगळे झाले, जी कोचिंग टीम बघून घर हलवलं तीच फुटली, हे झुएवांकडे राहिले. दुसरं म्हणजे देशात डेव्हिस-व्हाइट होते, त्यांनी २००९ ते २०१४ सलग सहा वेळा नॅशनल जिंकलं, त्यांच्या पुढे जायला वावच नव्हता. पण माझ्या मते खरी अडचण बहीण-भाऊ असण्याची होती, आणि यावर लोक पुरेसं बोलत नाहीत.

आइस डान्समध्ये सिंगल्ससारख्या तिहेरी-चौपट उड्या नसतात, पेअर्ससारखं मुलीला फेकणं नसतं, लिफ्टमध्ये मुलाने तिला डोक्याच्या वर हात नेऊन उचलायचंही नसतं. मग मार्क कशाला? तर पायाला, एजेसला (ब्लेडच्या कडांवर किती पक्कं सरकता), वेगाला, दोघांमधल्या अंतराला, आणि गाण्याशी नातं किती दिसतं त्याला. आणि गाणी कसली, तर टँगो, रुंबा, प्रेमात पडलेले, प्रेमभंग झालेले. बहीण-भाऊ हे करणार कसं? करायलाही नको आणि बघायलाही नको. त्यामुळे सुरुवातीला त्यांच्या वाट्याला गोड, हसरे, जुन्या सिनेमातल्यासारखे डान्स यायचे, सोळाव्या वर्षी ते शोभतं, विशीत तेच केलं की परीक्षकांना वाटतं ही पोरं मोठी का होत नाहीत. सोचीत मायकल जॅक्सन करून बघितलं, २०१५ ला ब्लू डॅन्यूब वॉल्ट्झ. चांगले होते दोन्ही, पण कुणाचेही असू शकले असते.

बदल झाला तो २०१५-१६ ला, कोल्डप्लेच्या 'फिक्स यू' वर. त्यात रोमान्स नाही, नाटक नाही, एकमेकांना सावरणारी दोन माणसं आहेत बस, आणि ते भाऊ-बहीण असल्यामुळे कमी न वाटता जास्त खरं वाटतं. सोबत मासिमो स्काली होते मदतीला, हो, वर म्हटलं ते इटलीचे स्काली, तेच आता कोच. त्या वर्षी सेंट पॉलला पहिलं नॅशनल गोल्ड, तैपेईला फोर कॉन्टिनेंट्सचं गोल्ड, आणि बॉस्टनला वर्ल्ड सिल्व्हर, फ्रान्सच्या पापाडाकिस-सिझेरॉननंतर. मॉस्कोच्या मेडलनंतर पाच वर्षांनी पुन्हा पोडियम. पुढच्या वर्षी परत नॅशनल गोल्ड आणि वर्ल्ड ब्राँझ.

त्यांचे ट्विझल्स मात्र पहिल्यापासून भारी होते, ते एकदा नीट बघा पुतणीला बाजूला बसवून. ट्विझल म्हणजे एका पायावर गरगर फिरत फिरत पुढे सरकायचं, थांबून जागेवर फिरायचं नाही, सरकत राहायचं, आणि दोघांनी अगदी शेजारी शेजारी. एकजण पाव फेरी मागे पडला तरी घरी टीव्हीवर आपल्यालासुद्धा कळतं. बाकीच्या जोड्या ट्विझल आला की सुरक्षित अंतर ठेवतात, हे दोघं इतके जवळ असायचे की आपलेच हात आखडतात. बारा-तेरा वर्षं रोज एकाच माणसाबरोबर फिरल्याशिवाय हे येत नाही, आणि इथेच भाऊ असण्याचा फायदा आहे बघा, जोडी फुटत नाही.

२०१८, प्योंगचँग. टीम इव्हेंटमध्ये अमेरिकेसाठी शॉर्ट आणि फ्री दोन्ही यांनीच केले, ब्राँझ. मग काही दिवसांनी स्वतःची स्पर्धा, म्हणजे एका ऑलिंपिकमध्ये चार वेळा बर्फावर. शॉर्ट डान्सनंतर हे चौथे, ७७.७३, आणि तिसरे आपलेच देशवाले हबेल-डोनोह्यू, ७७.७५. फरक ०.०२!! त्याच हबेल-डोनोह्यूंनी महिनाभर आधी नॅशनलला यांना हरवलेलं. फ्री डान्सला परत कोल्डप्ले, 'पॅराडाइज'. एकूण १९२.५९ झाले, हबेल-डोनोह्यू १८७.६९ वर राहिले आणि ब्राँझ यांचं. आइस डान्समध्ये भावंडांचं ऑलिंपिक मेडल त्याआधी एकदाच आलेलं, १९९२ ला फ्रान्सच्या दुशेने भावंडांचं सिल्व्हर. आणि आशियाई वंशाच्या जोडीचं तर हे पहिलंच. माया तेव्हा २३ वर्षांची.

त्यानंतर स्पर्धा थांबवल्या. २०१९ च्या डिसेंबरमध्ये मायाच्या किडनीवरची गाठ काढली, कॅन्सरची निघाली. पंचविशीतली मुलगी. आणि मे २०२५ मध्ये दोघांनी जाहीर केलं की आम्ही परत स्पर्धेत उतरतोय, सात वर्षांनी, ती तेव्हा ३० ची आणि तो ३४.

एवढ्या उशिरा हे शक्य वाटतं कारण या खेळात ते वय म्हणजे म्हातारपण नाही. मेरिल डेव्हिस सोचीत गोल्ड जिंकली तेव्हा २७ ची होती. सगळ्यात मस्त उदाहरण इव्हान बेट्सचं, तो २००८ ला ज्युनिअर वर्ल्ड चॅम्पियन झाला, वेगळ्या पार्टनरबरोबर. मॅडिसन चॉक २००९ ला झाली, तीही वेगळ्या पार्टनरबरोबर, मायालाच दुसरं ठेवून. ते दोघं मग एकत्र आले आणि सीनिअरचं पहिलं वर्ल्ड गोल्ड कधी मिळालं, तर २०२३ ला. ती ३० ची, तो ३४ चा. मग २०२४ आणि २०२५ लाही तेच. ज्युनिअर ते सीनिअर गोल्ड पंधरा वर्षं, सांगा घरी.

सिंगल्सचं गणित वेगळं असतं, तिथे मुलीचं शरीर बदललं की उड्या जातात म्हणून वयाची घाई, तारा लिपिन्स्की पंधराव्या वर्षी ऑलिंपिक जिंकली. बहुतेक तुमच्या घरच्यांच्या डोक्यात तेच बसलंय आणि ते डान्सला लावतायत.

माझ्या मते तुम्ही वयापेक्षा पार्टनरची काळजी करा. अमेरिकेत आइस डान्स करणाऱ्या मुली भरपूर आणि मुलगे अगदी मोजके, मोठ्या रिंकवरसुद्धा एका मुलामागे ट्रायआउटला (पार्टनर निवडायच्या चाचणीला) रांग लागते, आणि मायासारखा घरातच भाऊ असणं हे नशीब सगळ्यांचं नसतं. प्रश्नात तुम्ही पार्टनरबद्दल काहीच लिहिलं नाहीये. नसेल तर यूएस फिगर स्केटिंगच्या सोलो डान्सच्या स्पर्धा असतात, एकटीने खेळता येतात, पॅटर्न डान्स (ठरलेल्या पावलांचे) पक्के होतात आणि उद्या ट्रायआउटला बोलावलं तर पाय तयार असतात. कोचला याबद्दल विचारायला सांगा. आणि व्हिडिओ दाखवायचे तर आधी बॉस्टन २०१६ ची फ्री डान्स दाखवा, मॉस्कोची नंतर.