कॉन्सेप्ट कारमधलं भन्नाट छत खऱ्या गाडीत कधी येतं का?

येतं की! २००१ ला जिनिव्हाच्या शोमध्ये फिओराव्हांती या इटालियन डिझाइन कंपनीने अल्फा रोमिओ वोला ही कॉन्सेप्ट दाखवली, तिचं छत घडी होतच नाही, सीटमागच्या एकाच आसाभोवती १८० अंश फिरून वहीचं पान उलटावं तसं मागे डिकीवर उलटं जाऊन बसतं. हीच आयडिया २००५ च्या फेरारी सुपरअमेरिकात आली, काचेचं छत, साधारण १० सेकंदात उघडतं आणि काच गडद-फिकी करता येते ते वेगळंच. मला सगळ्यात भारी वाटते ती डिकीची जागा, नेहमीच्या फोल्डिंग हार्डटॉपमध्ये, म्हणजे घडी होणाऱ्या कडक छताच्या गाडीत, छत डिकीत शिरतं नि सामानाला फारशी जागाच उरत नाही, इथे ते बाहेरच राहतं. सुपरअमेरिका गाड्या मात्र फक्त ५५९ बनल्या.