"अप्पांचे हात बांधू का?"

फोनवर त्या बाईंचं पहिलं वाक्य हेच होतं. नाव नाही, गाव नाही. "मॅडम, रात्री सासऱ्यांचे हात बांधले तर चालतं का? घट्ट नाही हो, ओढणीने." आणि मग रडू कोसळलं.

म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्यांकडून हा प्रश्न मला वरचेवर येतो. कुणी हातात मोजे घालतं, कुणी पलंगाच्या कठड्याला गाठ मारतं. लघवीची नळी लावलेले आजोबा ती ओढतात आणि घर रात्रभर जागं. या घराची ओळख कळणार नाही इतके तपशील मी बदलले आहेत.

अप्पा ७८ वर्षांचे, नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त, रोज सकाळी मुक्तिधाम मंदिरापर्यंत पायी जाऊन येणारे. ऐन थंडीत बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि घरी आले ते नळी-पिशवीसकट. त्याला तीन आठवडे होऊन गेले होते. मुलगा अंबडला कारखान्यात, शिफ्टची नोकरी. त्यामुळे पिशवी रिकामी करणं सुनेकडे. मध्ये एकदा अप्पांनी नळी हिसकली. नळीच्या टोकाचा आतला फुगा तसाच फुगलेला, त्यामुळे रक्त आलं. ओढणी त्या रात्रीनंतर आली.

पहिल्या भेटीत मी चुकले. सुनेची झोप, तिची चिडचिड, तिच्या मनातला अपराधीपणा, यावरच तासभर बोलत बसले. ते खोटं नव्हतं, पण अप्पा नळी का ओढतात हे मी विचारलंच नाही. दुसऱ्या वेळी त्यांच्या घरी गेले तेव्हा डोळ्यांनी दिसलं.

नळी अप्पांच्या मांडीखालून गेलेली, तिला मोड पडलेला. पिशवी पलंगाच्या कठड्यावर, जवळजवळ पोटाच्या उंचीवर टांगलेली, कारण "खाली ठेवली की पायात येते". पिशवीतली लघवी चहाच्या रंगाची. मी बसले होते तेवढ्या अर्ध्या तासात अप्पा चारदा म्हणाले, "मला लघवीला जायचंय." चारही वेळा सून म्हणाली, "अप्पा, नळी आहे ना, होऊ द्या."

अप्पा खोटं बोलत नव्हते. नळी आत टिकावी म्हणून तिच्या टोकाला साधारण १० मिलि पाण्याने भरलेला फुगा असतो. तो मूत्राशयाच्या तोंडाशी टेकतो, मूत्राशय त्याला बाहेर ढकलू पाहतं आणि माणसाला जोराची कळ येते. कधी नळीच्या बाजूने लघवी गळतेही. नळीला मोड असेल तर लघवी खरोखरच तुंबते. पोट साफ नसेल तर हे सगळं वाढतं, आणि अप्पांना पाच दिवस शौचाला झालं नव्हतं. अशा माणसाचे हात बांधले की त्याचा गोंधळ, घाबरणं आणि झटापट वाढतेच.

पाणी का पीत नाही, असं मी अप्पांना विचारलं. सून स्वयंपाकघरात गेल्याची खात्री करून ते हळूच म्हणाले, "जितकं पिईन तितकं तिला काढावं लागतं." आयुष्यभर सुनेसमोर बनियनवर न बसलेला माणूस. मला वाटतं, नळीपेक्षा हे जास्त टोचत होतं.

त्या संध्याकाळी मुलाला बसवून घेतलं. पिशवी कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता टांगायची. नळीला थोडी ढील ठेवून ती मांडीला चिकटपट्टीने बांधायची. पिशवी काठोकाठ भरू द्यायची नाही. हे काम मुलाचं, त्याची रात्रपाळी असली तरच सुनेचं. रात्री मंद दिवा आणि चष्मा हाताशी. अप्पांनी "जायचंय" म्हटलं की आधी नळी तपासायची. मुलाने मान डोलावली आणि एक रिपोर्ट पुढे केला. लघवीत "पस सेल्स" (पू-पेशी) निघाले म्हणून त्याने मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिक आणलं होतं. नळी आत असेल तर दर दिवसामागे जंतू शिरण्याची शक्यता साधारण ३ ते ७ टक्के असते, महिन्याभरात जवळजवळ सगळ्यांच्याच लघवीत ते सापडतात. ताप, थंडी वाजणं, कुशीत दुखणं, अचानक बरळणं असं काही असेल तर लगेच डॉक्टरांकडे. नुसत्या रिपोर्टवर सहसा औषध देत नाहीत.

मग मी डिस्चार्ज कार्ड मागितलं. त्यावर नळीची काळजी घ्या असं होतं. कधी काढायची, ते कुठेच नव्हतं. मुलाने फोन केला तेव्हा कळलं, ऑपरेशननंतर उठता येत नव्हतं म्हणून लावली होती. आणि अप्पा तर दहा दिवसांपासून वॉकर घेऊन घरभर फिरत होते! कारण संपलं होतं, नळी तेवढी राहून गेली होती. म्हणून आता मी प्रत्येक घराला आधी दोनच प्रश्न विचारते: नळी कशासाठी लावली, आणि ती कधी काढायची असं डॉक्टरांनी सांगितलंय? काहींना ती दीर्घकाळ लागते हे खरं. तेव्हा सहसा सिलिकॉनची नळी बसवून साधारण १२ आठवड्यांच्या आत बदलतात, किंवा दिवसातून काही वेळा नळी घालून लगेच काढण्याची पद्धत शिकवतात. पण तेही कुणीतरी विचार करून ठरवलेलं असावं.

अप्पांचं सरळ झालं नाही. युरॉलॉजिस्टनी (मूत्रविकारांच्या डॉक्टरांनी) एका सकाळी नळी काढली, संध्याकाळी लघवी तुंबली, पुन्हा घालावी लागली. सून म्हणाली, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढलेली निघाली, त्या वयात ती बहुतेकांची वाढतेच. शिवाय सर्दीसाठी घरातली गोळी चालू होती. तसल्या काही गोळ्यांनीही लघवी अडते. ती बंद झाली, लघवीची वाट मोकळी करणारं टॅमसुलोसिन सुरू झालं (चक्कर येऊ शकते, सावकाश उठायचं), पोट साफ राहू लागलं. दहा दिवसांनी पुन्हा प्रयत्न केला. लघवीनंतर सोनोग्राफीत आत फारसं काही उरलं नव्हतं.

रात्री पलंगाशी भांडं ठेवतात, कधीकधी चादर ओली होते. परवा सुनेचा पुन्हा फोन आला, तक्रार वेगळी होती. अप्पा बाथरूमला आतून कडी लावतात, कितीही सांगितलं तरी ऐकत नाहीत. मी म्हटलं, कडी काढून टाका आणि दाराला आतून जाड पडदा लावा.