मास्टर लावायचाय, पण कुठे?

गेले दोन महिने एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी येतोय : गिटारच्या जुन्या धाटणीच्या ट्यूब अ‍ॅम्पला मास्टर व्हॉल्यूम (एकूण आवाज आवरणारी वेगळी कळ) लावला तर घरात वाजवता येईल का? सगळ्यांना एकदाच उत्तरं देतो.

प्रश्न : प्लेक्सी (मार्शलच्या जुन्या अ‍ॅम्पच्या) धाटणीचा ५० वॉटचा अ‍ॅम्प आहे, फ्लॅट चौथ्या मजल्यावर. मास्टरने आवाज आटोक्यात येईल ना? (कॉलेज रोड)

येईल. पण पॉवर ट्यूब (स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या) ताणल्यावर जो आवाज फाटतो, तो हळू आवाजात मिळणार नाही, प्रीअ‍ॅम्पचाच, म्हणजे सुरुवातीच्या टप्प्याचाच, मिळेल. ‘मग ५ वॉटचा घेतो’ म्हणाल, तर वॉट दहापट घटले तरी कानाला आवाज साधारण निम्माच वाटतो.

प्रश्न : मास्टरसाठी पॉट (कळीखालचा बदलता रेझिस्टर) कितीचा घेऊ?

फेज इन्व्हर्टरच्या (पॉवर ट्यूबसाठी सिग्नलच्या दोन उलट प्रती करणाऱ्या टप्प्याच्या) आधी लावणार असाल तर १ मेगओहम, ऑडिओ टेपर (कळ फिरवाल तसा कानाला आवाज सारखा वाढत जाणारा). मार्शलच्या १९७५ च्या २२०३ या मॉडेलमध्येही मास्टर तिथेच, टोन स्टॅकनंतर (बास-ट्रेबलच्या कळींनंतर) आहे.

प्रश्न : मास्टर शून्यावर ठेवून स्पीकर काढला तर चालेल?

नाही.

प्रश्न : फेज इन्व्हर्टरनंतरचा मास्टर जास्त खरा वाटतो असं ऐकलंय. २५० के.चा (किलोओहमचा) दुहेरी पॉट ऑनलाइन ‘किट’ म्हणून मागवलाय. पॉवर ट्यूबच्या ग्रिडचे (आतल्या जाळीचे) २२० के.चे दोन रेझिस्टर काढून तो जोडायचा, एवढंच ना? (इंदिरानगर)

एवढंच नाही. हे ‘एवढंच ना’ ऐकलं की माझं डोकं फिरतं.

आवाज चांगला येतो हे खरं, कारण फेज इन्व्हर्टरही ताणता येतो. पण तुम्ही काढताय त्या दोन रेझिस्टरमधून पॉवर ट्यूबच्या ग्रिडला निगेटिव्ह बायस, म्हणजे ट्यूबचा करंट आवरून धरणारा व्होल्टेज, मिळतो. ते काढले की बायस पॉटच्या मधल्या पिनमधून जाणार, म्हणजे कार्बनच्या पट्टीवर घासणाऱ्या एका पत्र्याच्या भरवशावर. धूळ बसली, पावसाळ्यात गंज धरला, पत्रा क्षणभर उचलला गेला की बायस गायब. मग ट्यूब बेफाम करंट ओढते, प्लेट लाल होते. आधी ट्यूब जाते, कधी पाठोपाठ आउटपुट ट्रान्सफॉर्मर.

गेल्या पावसाळ्यात पंचवटीतून असाच एक अ‍ॅम्प आला. दुकानातला दिवा बंद करून चालू केला, तर दोन ईएल३४ पॉवर ट्यूबपैकी एकीची प्लेट निखाऱ्यासारखी. मास्टरची कळ करंगळीने जराशी हलवली, लाली ओसरली. पुन्हा हलवली, पुन्हा लाल! किटमध्ये सुरक्षेचे दोन रेझिस्टर नव्हतेच. मधली पिन आणि बायसचं टोक यांच्यामध्ये, दोन्ही बाजूंना एकेक २.२ मेगओहमचा टाकला की पॉटने दगा दिला तरी ग्रिडला बायस मिळत राहतो. काही रुपयांचा माल वाचवून वर ‘प्रो’ असं लेबल चिकटवणाऱ्यांना काय म्हणावं!

शिवाय मास्टर खाली आणाल तसा निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा मागे देण्याची सोय) ढिला पडतो आणि त्यावर चालणारी प्रेझेन्सची, म्हणजे वरच्या स्वरांच्या धारेची, कळ जवळपास निकामी होते. तो बिघाड नव्हे, त्यासाठी अ‍ॅम्प उघडू नका. तुमच्या सर्किटला कुठला मास्टर मानवेल ते आतली जोडणी बघूनच सांगता येईल. आणून दाखवा.

प्रश्न : रात्रभर प्लग काढून ठेवलाय. आता उघडून हात घालू? (सातपूर)

नको. अशा अ‍ॅम्पच्या फिल्टर कंडेन्सरवर ४०० व्होल्टच्या पुढे चार्ज असतो. तो आपोआप उतरेल अशी सोय प्रत्येक अ‍ॅम्पमध्ये नसते. ‘रात्रीत उतरतो’ ही ऐकीव गोष्ट. मल्टिमीटर काय दाखवतो ते खरं. मोजायचं कसं हे ठाऊक नसेल तर जाणकाराकडे द्या.

प्रश्न : मास्टर बसवल्यापासून डाव्या ट्यूबची प्लेट किंचित लाल दिसते, आवाज मात्र छान आहे. शनिवारी कार्यक्रम आहे, तो उरकून दाखवायला आणू का?

बंद करा. आत्ता. शनिवारी कुणाचा तरी अ‍ॅम्प मागून घ्या आणि हा उद्या सकाळीच आणा. येताना तो पॉट ज्या पाकिटातून आला, ते पाकीटही आणा.