जावा प्रोग्रॅमिंगमध्ये 5 वर्षं झाली. ॲमेझॉनच्या क्लाउडची आर्किटेक्टची परीक्षा दिली तर सॉफ्टवेअर आर्किटेक्ट, म्हणजे सिस्टिमचा आराखडा ठरवणारा, होता येईल का? पुढे मराठवाड्यात परत येता येईल का?

परीक्षा जरूर द्या. 65 प्रश्न, 130 मिनिटं, प्रमाणपत्र 3 वर्षं चालतं. त्या निमित्ताने अभ्यास पक्का होतो. पण नुसत्या प्रमाणपत्रावर कुणी आपला आराखडा मान्य करत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

9 वर्षं कोड लिहिल्यावर वाळूजच्या एका कारखान्याची माल रवाना करायची सिस्टिम पहिल्यांदाच माझ्या आराखड्यावर उभी राहिली. सगळं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या दूरच्या सर्व्हरवर. पावसाळ्यात एका संध्याकाळी गेटवरची इंटरनेटची लाइन गेली. मुंबईतले सर्व्हर ठणठणीत, आणि इकडे डिस्पॅचच्या मामांचा फोन: "साहेब, अकरा गाड्या उभ्या हायत. चलन निघंना. वहीत लिहून सोडू का?"

सोडा म्हणालो. सकाळी जाऊन त्यांच्याशेजारी बसलो आणि ती वही पाहिली. गाडी नंबर, पार्टी, नग, वेळ, सही. एवढ्यावर गेट चालत होतं. आराखडा काढण्याआधी मी तिथे एक तासही उभा राहिलो नव्हतो, ही चूक माझीच. मग नोंद गेटवरच्या संगणकात ठेवून लाइन आली की वर पाठवायची, असं केलं. त्यात मध्येच लाइन तुटली की तीच नोंद परत जायची आणि एकच गाडी दोनदा सुटलेली दिसायची. शेवटी प्रत्येक नोंदीला गेटवरच क्रमांक दिला. तोच क्रमांक पुन्हा आला की सर्व्हर नवी नोंद करत नाही.

आर्किटेक्टच्या कामाचा दुसरा अर्धा भाग बोलण्याचा. मालक म्हणतात, सिस्टिम कधीच बंद पडायला नको. 99.9 टक्के चालू म्हणजेसुद्धा वर्षाला पावणेनऊ तास बंद, 99.99 म्हटलं तर साधारण 52 मिनिटं. मधल्या फरकाला किती पैसे लागतील, हे तोंडावर सांगावं लागतं. आपल्याकडच्या बऱ्याच पोरांना मीटिंगमध्ये इंग्रजीची धास्ती वाटते. मलाही वाटायची. लिहायला लागलो तशी ती कमी झाली. प्रत्येक निर्णयाचं एक पान: काय ठरवलं, कोणते पर्याय सोडले, का सोडले. मायकेल नायगार्ड या सॉफ्टवेअर आर्किटेक्टने 2011 मध्ये ही पद्धत मांडली. आजपासून सुरू करा, त्यासाठी पदाची वाट पाहू नका. जमलं तर रात्रीचा सपोर्टही मागून घ्या. सिस्टिम कुठे तुटते ते तिथेच दिसतं.

परत येण्याचं म्हणाल, तर पदनाम पुण्यात लवकर मिळेल, संभाजीनगरात अशा जागा मोजक्याच. पण वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कारखान्यांत मशिनपासून सर्व्हरपर्यंत सगळं जोडून देणारा माणूस लागतो. मी त्या कामावर परत आलो. आईवडील जवळ आहेत, पगार पुण्यापेक्षा कमी आहे, आणि मला हे परवडतं.