‘तिचा फोन बंद पडला तर सगळं गेलं का?’

माणूस गेल्यानंतर त्याच्या मोबाइलचे काय करायचे, हा प्रश्न घेऊन अलीकडे बरीच माणसे समुपदेशनाला येतात. प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो, पण आपली माणसे नातवंडांना कळणार कशी ही धास्ती त्याच्या तळाशी असते. बेळगावच्या शहापूर भागातील, विणकर घराण्यातील एका ज्येष्ठ गृहस्थांची हकीकत येथे त्यांच्या संमतीने सांगत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

त्यांच्या पत्नीला जाऊन दीड वर्ष झाले होते. मुलगा बेंगळुरूला असतो आणि नात तिथल्याच शाळेत कन्नड-इंग्रजी शिकते. काका रोज रात्री पत्नीचा फोन चार्जिंगला लावत, दर महिन्याला (म्हणजे कंपनीच्या हिशेबाने 28 दिवसांनी) तिच्या नंबरवर रिचार्ज मारत आणि त्या फोनला कोणाला हात लावू देत नसत. बाबा दुःखातून बाहेर येत नाहीत असे वाटून मुलगा त्यांना माझ्याकडे घेऊन आला. काकांनी फोन टेबलावर ठेवला, तेव्हा त्याचे मागचे झाकण एका कडेने उचललेले दिसले. आतली बॅटरी फुगली होती. त्यांनी एक व्हॉइस मेसेज लावला. ‘ओ, काय करुलालासा? येताना कोथिंबीर आणा की.’ मेसेज एवढाच होता. काकांचा स्वतःचा जुना फोन बॅकअपविना खराब झाला होता, त्यामुळे हे आवाज आता या एकाच ठिकाणी उरले होते. ‘नातीला हे ऐकायला मिळायला पाहिजे बघा, मॅडम. हा फोन बंद पडला तर सगळं गेलं का?’

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाचे स्वतंत्र निदान आहे. त्यासाठी किमान 6 महिने उलटलेले असावे लागतात, शोक त्या समाजाच्या रीतीच्या मानाने फारच तीव्र असावा लागतो आणि त्याने रोजचे जगणे अडलेले असावे लागते. काकांची झोप आणि जेवण ठीक होते, ते सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला जात आणि सोमवारी कपिलेश्वराचे दर्शन चुकवत नसत. त्यामुळे रिचार्ज मारत राहणे हा आजार नाही, असे मी मुलाला स्पष्ट सांगितले. एकुलत्या एका जागी ठेवलेली गोष्ट हरवेल, ही त्यांची भीती अगदी रास्त होती, आणि रास्त भीतीवर समजूत घालण्यापेक्षा सोय करणे बरे.

पहिली सोय म्हणजे रात्रीचे चार्जिंग त्याच दिवशी बंद करून बॅटरी बदलून घेणे, कारण फुगलेली बॅटरी पेटू शकते. त्यानंतर मुलाने आवाजाच्या फाइली बाहेर काढल्या. व्हॉट्सॲपच्या अशा फाइलच्या नावात तारीख असते, पण बोलणाऱ्याचे नाव नसते. नुसती फाइल जपली तर कालांतराने आवाज उरतो आणि तो कोणाचा हे विसरले जाते. म्हणून त्याने चॅटही ‘एक्स्पोर्ट’ करून घेतले, ज्यात नाव, दिवस आणि वेळ ओळीने येते. फोटो-आवाजांसह घेतल्यास ही सोय शेवटच्या सुमारे 10,000 संदेशांपुरतीच असल्याने मजकूर वेगळाही उतरवावा लागला. एक प्रत बेळगावात आणि एक बेंगळुरूला ठेवली. पत्नीच्या गूगल खात्यातही फोटो होते, आणि 2 वर्षे न वापरलेले खाते गूगल पुसून टाकू शकते, त्यामुळे तेही उतरवून घेतले.

मुलाच्या दृष्टीने काम येथे संपले होते, पण काकांचे समाधान झाले नव्हते. बोलता बोलता त्यांनी वडिलांच्या खतावणीचा विषय काढला. शहापूर सांगली संस्थानात होते त्या काळातली, लुगड्यांच्या हिशेबाची ती वही अजून घरात आहे आणि तिचे पान न् पान शाबूत आहे, पण ती मोडीत लिहिलेली असल्याने घरात कोणालाच वाचता येत नाही. ‘तुमचं बी तसंच होईल की,’ असे ते मुलाच्या हार्ड डिस्ककडे पाहत म्हणाले. मला हे म्हणणे पूर्ण पटले. नातीला देवनागरी अडखळत वाचता येते. हजारो फोटो आणि मराठी संदेशांचा ढीग तिच्या हाती देणे म्हणजे दुसरी खतावणीच देणे.

म्हणून पुढच्या भेटींत आम्ही निवड करायला बसलो. हे सर्वांत अवघड होते, कारण मेसेज बाजूला ठेवणे म्हणजे पत्नीला बाजूला सारणे, असे काकांना वाटे. काहीही पुसायचे नाही, फक्त नातीसाठी वेगळे काढायचे, असे ठरल्यावर त्यांचा हात चालू लागला. प्रत्येक निवडलेल्या फोटोमागे आणि मेसेजमागे त्यांनी आपल्या आवाजात माहिती भरली: ही कोण, हे कुठले, तेव्हा काय चालले होते. कोथिंबिरीच्या मेसेजला तर त्यांनी बाजार, त्या दिवशीची आमटी आणि शेजारणीचे भांडण एवढे सगळे जोडले. पुढे नात व्हिडिओ कॉलवर स्वतःच प्रश्न विचारू लागली आणि ती उत्तरेही मुलाने जपून ठेवली. स्वतःच्या गूगल खात्यातही काकांनी ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये मुलाचे नाव घातले; ठरवलेला काळ, म्हणजे 3 ते 18 महिने, खाते वापरले गेले नाही की निवडलेली माहिती त्या व्यक्तीला मिळू शकते.

रिचार्ज मात्र ते अजून मारतात, आणि तो थांबवा असे मी सांगितलेले नाही. ज्यांना थांबवायचा असेल त्यांनी आधी बँक, गॅस आणि आधारला जोडलेला तो नंबर बदलून घ्यावा. वापरात नसलेले व्हॉट्सॲप खाते साधारण 120 दिवसांनी पुसले जाते, आणि बंद झालेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. तसे झाल्यावर आपल्या फोनमध्ये ‘आई’ किंवा ‘आज्जी’ या नावाखाली एके दिवशी परका चेहरा उमटतो. त्यामुळे नंबर सोडण्याआधी घरातल्या सगळ्यांनी, विशेषतः मुलांच्या फोनमध्ये, त्या नावापुढचा नंबर काढून टाकावा आणि फोटो व नाव तसेच ठेवावे.