बारशाची पाकिटं: सुकन्या की कार सीट?

नाशिकच्या एका ताईंचं पत्र आहे. मुलगी चार महिन्यांची, वजन साडेसहा किलो. बारशाला पाकिटांतून 31,000 रुपये जमले. सासूबाई म्हणतात, सगळे सुकन्या समृद्धीत टाका, खुर्चीवर कसले पैसे घालता, मांडी आहे की! यजमानांनी बाळासाठी 24,000 ची आयसोफिक्सवाली, म्हणजे गाडीतल्या लोखंडी आकड्यांना अडकणारी कार सीट नो कॉस्ट ईएमआयवर पसंत केली आहे. दुकानदार 11,500 ची पट्ट्याने बसणारी सीटही दाखवतो. आणि अमेरिकेतून परतलेल्या नणंदेची सीट माळ्यावर आहे, फुकट. गाडी 2013 ची छोटी हॅचबॅक. महिन्यातून दोनदा सिन्नरमार्गे संगमनेर, म्हणजे माहेर.

ताई, आधी सासूबाईंचं गणित, कारण आकड्यांत त्या चुकत नाहीत. 11,500 रुपये सुकन्येत टाकले आणि 8.2 टक्के दर 21 वर्षं टिकला असं धरलं, तर साधारण 60,000 होतात. 24,000 चे सव्वा लाख. सीटची खरी किंमत ही आहे. ती मोजूनही मी सीट घ्याच म्हणेन. 50 च्या वेगातली गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर तुमची साडेसहा किलोची लेक मांडीवर 90 किलोंच्या जोराने पुढे खेचली जाते. तेवढं वजन कुणाच्या हातांना धरवत नाही, आजीच्या तर नाहीच. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा सीटविना नेल्यास 1000 रुपये दंडही आहे, पण त्या हजाराचा विचार करून कोणी सीट घेऊ नये.

24,000 ची सीट मात्र नको. ती फक्त आयसोफिक्सवर बसते आणि तुमच्या गाडीत पाठ आणि बैठक जिथे मिळतात तिथे ते लोखंडी आकडे नाहीत, हे तुम्हीच लिहिलंय. ‘दोन वर्षांनी गाडी बदलूच’ हा यजमानांचा मुद्दा मला पटत नाही. लेकीला या शनिवारी संगमनेरला जायचंय. आणि नो कॉस्ट म्हणतात त्या ईएमआयमध्ये प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा 18 टक्के जीएसटी बहुधा तुमच्याच माथी येतो. हातात रोख असताना हप्ता कशाला?

नणंदेची सीट उतरवा आणि उलटी करून पाहा. प्लास्टिकवर बनवल्याची आणि बहुधा मुदत संपल्याची तारीख कोरलेली असते. माळ्यावर चार-पाच उन्हाळे तापलेलं प्लास्टिक, मुदत उलटलेली असेल तर भंगारात. मुदत असेल तर नणंदेला एकच विचारा: ती सीट कधी अपघातातल्या गाडीत होती का? शंका आली तरी नको. वाईटपणा माझ्यावर ढकला, चालेल.

उरली 11,500 ची. त्यावर वर्तुळात ई आणि आर 44/04 किंवा आर 129 अशी सुरक्षा चाचणीची खूण आहे का, ते बघा. जन्मापासून 18 किलोंपर्यंतची असेल तर चारेक वर्षं पुरेल, म्हणजे महिन्याला 240 रुपये. बाळासकट उचलून नेता येणारं नुसतं कॅरियर वर्ष-सव्वा वर्षात लहान पडतं आणि पुन्हा दुकान.

पैसे देण्याआधी मात्र गाडी दुकानाखाली न्या. नातीच्या वेळी मी हे केलं नाही. बाळाचं तोंड मागे करून सीट ठेवली, पट्टा सगळा ओढला, तरी बकल चार बोटं लांब! जुन्या छोट्या गाड्यांत हे होतं. मागच्या सीटवर, मागे तोंड करून, तीनबिंदू पट्ट्याने बसवून बघा. मागे तोंड किमान 15 महिने तरी ठेवायचंच. डोकं जड, मान कोवळी. पुढे एअरबॅगसमोर कधीच नाही. यजमान उंच असतील तर सीट त्यांच्या पाठीमागे नको, डावीकडे लावा. लेकीला दुपट्यात गुंडाळून पट्टा लावू नका. आधी पट्टा, दुपटं वरून. खांद्याजवळ पट्ट्याची चिमूट घेता आली तर तो सैल आहे.

उरलेले 19,500 सुकन्येत टाका, सासूबाईंच्या हातून. पत्रात टर्म इन्शुरन्सचा, म्हणजे कमावत्याच्या माघारी घराला पैसे देणाऱ्या विम्याचा उल्लेख नाही, गृहकर्जाचा 27,500 चा हप्ता मात्र आहे. विमा नसेलच, तर या 19,500 मधले विम्याच्या पहिल्या वर्षाच्या हप्त्यापुरते आधी बाजूला काढा, उरतील ते सुकन्येला. खातं 250 रुपयांनीही उघडतं, बाकी 31 मार्चपर्यंत भरता येतात.

शनिवारच्या आधीच दुकानात जा. पट्टा पुरला नाही तर रिकाम्या हाताने परत या आणि त्याच किमतीत कमी पट्टा लागणारं दुसरं मॉडेल मागवायला सांगा.