कोपऱ्यावरचं कुंपण छाटताना

कॉलनीच्या कोपऱ्यावरची मेंदी आणि बोगनवेल तुमच्या वाट्याला आलीये ना? गल्लीतून निघणाऱ्या चालकाला मुख्य रस्त्यावरचं वाहन दिसावं, यासाठी ती छाटायची. काम अवघड नाही. फक्त कात्री चालवण्याआधी गाडीत बसून बघा. उभ्याने बघून ‘दिसतंय की’ म्हणणं ही नवख्यांची ठरलेली चूक. कारचालकाची नजर जमिनीपासून साधारण 1.2 मीटरवर असते. छातीएवढं कुंपण त्याला भिंतच.

गल्लीतून निघणाऱ्याच्या उजव्या हाताचा कोपरा आधी घ्या. आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे उजवीकडून येणारं वाहन त्याच्या अगदी नाकासमोरून जातं. मुख्य रस्त्यावर वेग ताशी 50 किमी असेल तर थांबायला साधारण 60 मीटर लागतात. तेवढ्यावर कुणाला तरी उभं करा. तो गाडीतून दिसला पाहिजे.

मग एवढंच:

- कुंपण 60 सेंटिमीटरच्या खाली. पावसाळ्यात ते भराभर वाढतं, म्हणून कापताना 45 वर कापा.
- झाडाच्या खालच्या फांद्या अडीच मीटरपर्यंत काढायच्या, शेंड्याला हात लावायचा नाही. शहरात आधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्या; कायदा 1975 चा आहे आणि तो फांद्यांनाही लागतो.
- छाटलेला पाला त्याच दिवशी उचला. कोपऱ्यावर ढीग राहिला तर छाटणी फुकट.
- रिकाम्या जागी कण्हेर लावू नका, बघता बघता माणसाच्या वर जाते.

भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आडवा आला तर स्वतः उतरवू नका, फोटोसह पालिकेकडे तक्रार करा. वळणापलीकडचं दिसावं म्हणून कोपऱ्यावर लावतात त्या बहिर्गोल आरशाचं नंतर बघू.